दम मोजणारी पोरगी

मले आडवं झोपाची भीती वाटते. आजबी वाटते. पाठीमागं दोन उशा, त्याच्यावर घडी केलेली गोधडी, असं टेकून मी झोपते, अन् माझी पोरगी इचारते, "आई, तू बसून काऊन झोपतं?" तिले काय सांगू. सांगाले बसली तं पयल्यापासून सांगा लागते, अन् एवढं बोलाले मले दम पुरत नाही. मनून लिहून राह्यली. लिहिताना मधी थांबता येते, कोणी वाट पाहत नाही.

दुसरं लेकरू पोटात होतं तवाची गोष्ट. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पुढं, अगदी महाराष्ट्राच्या शिवेवर. मोबाईलले कधी महाराष्ट्राची रेंज भेटते, कधी इकडली. कापूस फुटला होता, सारे वेचाले जात होते, मले घरीच ठेवलं होतं. पण नळापरेंत जाऊन एक गुंड पाणी आणलं तरी छाती भात्यासारखी चालाची. पाय सुजले. चप्पल पायात जाईना. सासू मनली, "लेकरू वर चढलं छातीकडं, पोरगाच आहे." शेजारची बुडी मनली, "मलेबी असाच दम लागे. दम लागला का पोराले केस लय येते, घाबरू नको." साऱ्या हसल्या, मीबी हसली, अन् हसता हसता मले खाली बसा लागलं.

झोपली का बुडाल्यासारखं वाटे. नदीत पडलं का कसं होते, वर येतो, खाली जातो, तसं. कोणाले सांगतलं नाही, कारण सांगून लोक काय करतीन. मंग सरकारी दवाखान्याची आशाबाई घरी आली, तिनं माझ्या पायावर बोट दाबलं, बोट काढलं तरी खड्डा तसाच राह्यला. ती खड्ड्याकडं पाहत राह्यली अन् मनली, "हे काही बरं नाही. गाडी बोलावते."

आदिलाबादले आणलं. पुढचं मले सलग आठवत नाही. लेकरू वेळेच्या आधी झालं. पोरगा. मले एवढंच दिसलं का हिरव्या कापडातून एक तळपाय बाहेर आला होता, लाल, कातडी अशी का फुंकलं तं फाटन, अन् सिस्टर त्याले घेऊन जवळजवळ पळत गेली. मी इचारलं, "रडला का?" कोणीतरी मनलं, "रडला, थोडा." मले ऐकू आला नवता.

त्याले वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं अन् मले खालच्या वॉर्डात, नाकाले ऑक्सिजन लावून. डॉक्टरीणबाई हिंदीत मनल्या का तुझं दिल कमजोर झालं, बाळंतपणात एखादीले होते असं, गोळ्या घ्या लागतीन, मीठ खाचं नाही, पाणी मोजून प्याचं. मी इचारलं, "मेरा बच्चा?" तं मनल्या, "पहले तुम्हारा दम कम होने दो. दम कम होगा तो कुर्सी पे बिठा के ऊपर ले जाएंगे."

बस, मले तेवढंच समजलं. दम कमी झाला का लेकरू दिसन. दिल काय, गोळी काय, ते सारं मी आईवर सोडून देल्लं. माझी आई भीमपुराकडून आली होती, खाटेखाली चटई टाकून राहत होती. पोरीचा बाप, मंजे माझा नवरा, खाली झाडाजवळ बसून राहे, त्याले बायांच्या वॉर्डात येऊ देत नवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंग कॉलेजच्या पोरी आल्या. साऱ्या एकाच रंगाच्या कपड्यात, वेण्या गोल बांधून वर जाळी लावलेली, हाताले घड्याळ. त्यायची मॅडम मागून. शाळेतल्या सहलीसारख्या वॉर्डात शिरल्या अन् मॅडमनं एकेकीले एकेक खाट देल्ली. माझ्या खाटेवर जे पोरगी आली ते बारीक, सावळी, माझ्यापेक्षा दोनेक वर्षानंच लहान असन. निर्मलकडची होती. तेलुगू बोले, माझ्याशी हिंदीत बोले, अन् मराठी एक-एक शब्द माझ्याकडून उचलून घेई. मले अक्का मने. आईले अम्मा.

आली का तिचं पयलं काम, माझा हात धरणं. मनगटावर तीन बोटं ठेवाची, हात माझ्याच छातीवर आडवा ठेवाचा, अन् घड्याळाकडं पाहत उभी राहाची. लय वेळ. बाकीच्या सिस्टर बोटाले चिमटा लावत, मशीनकडं पाहत अन् पुढच्या खाटेवर जात. हे पोरगी हात सोडेच ना. तिची बोटं थंड राहत, जराशी ओली, साबणाचा वास येई. मले एवढी भीती वाटून राहत होती त्या वॉर्डात, समोरच्या खाटेवरची बाई एक दिवस होती अन् दुसऱ्या दिवशी गादी गुंडाळून ठेवली होती, तं तिनं हात धरला का मले वाटे आता मी कुठं जात नाही. धरून ठेवलं आहे कोणी.

आई मनली, "तुझ्या नवऱ्यानं धरला का व एवढा वेळ हात कधी?"

मले हसू आलं, हसता हसता खोकला. पोरगी घाबरली, "क्या बोले अम्मा?" आईनं सांगतलं नाही. मी सांगतलं. पोरगी लाजून लाल झाली अन् तिचं मोजणं चुकलं, मनून पुन्हा पयल्यापासून धरला.

माझ्या गाऊनच्या आतून आईनं पोट बांधलं होतं. आमच्याकडं बाळंतिणीचं पोट बांधतेच, नाही बांधलं तं सुटते, लोंबते, वारं भरते. आईनं तिचं जुनं लुगडं फाडून आणलं होतं अन् डॉक्टर येऊन गेले का मले उभं धरून, गुडघा टेकवून, करकचून आवळे. मले त्याच्यात श्वास घेता येत नवता, पण मले तसाबी येत नवता, मनून मी आवळू देल्लं.

त्या पोरीनं हात धरला होता, घड्याळाकडं पाहाचं सोडून ते माझ्याकडं पाहाले लागली. मनली, "अक्का का पेट नहीं हिलता. खाली कंधा हिलता. क्यूं?" अन् चादर वर केली.

आई उठून उभी. "हात नको लावू त्याले!"

"अम्मा, ये खोलना पडता. दम को जगा नहीं है अंदर."

"पोट सुटलं तं? उद्या लोक मनतीन, अजून एक आहे का काय पोटात. तू येशील का सांगाले?"

"पेट बाद में बांधो, अम्मा. पहले दम."

आईनं तिले वरपासून खालपरेंत पायलं. "तुले किती लेकरं आहे?"

"शादी नहीं हुई, अम्मा."

"मंग मले नको शिकवू बापा."

पोरगी हसली, पण तिचे हात थांबले नाही. गाठ आईची होती, दातानं ओढा लागलं तिले. कापड सुटलं अन् मी श्वास घेतला, तो पोटापरेंत गेला. किती दिवसांनी गेला असन. मले रडूच आलं. आईनं माझं तोंड पायलं, कापड उचललं, झटकलं अन् सोताच्याच कमरेले गुंडाळलं. "जाऊ दे. माझीच कंबर दुखून राह्यली," मनली.

मले दूध येत होतं. दिल कमजोर, पण दूध भरपूर. ते काढून वर द्याचं होतं. पोरीनं शिकवलं. आधी हात धुवाचे, कोपरापरेंत, बोटाच्या मधात, नखाखाली, मंग अंगठा वर, बोटं खाली, मागं दाबाचं मंग पुढं. हे सारं ते तोंडातल्या तोंडात बोलत करे, ओठ हलत, पाढे मनत असल्यासारखे, कारण तिच्या परीक्षेत हेच राहणार होतं. घरून आणलेली स्टीलची वाटी उकळून घेतली होती. थेंब थेंब करून वाटीचं बूड झाकलं का पोरगी वाटीवर झाकण ठेवे, दोन्ही हातानं धरे अन् वर जाई. तिले आत जाऊ देत नवते, दारातून सिस्टरकडं द्या लागे. पण ते दारात जरा जास्ती उभी राहे, अन् खाली येऊन मले सांगे.

"बाबू ने आज पाईप पकडा, अक्का. सिस्टर छुडाए तो मुंह ऐसा किया." अन् ते तोंड करून दाखवे.

"नाक कोणासारखं आहे?"

"अब्बी तो नाक बटन जैसा है."

"केस?"

"टोपी है. टोपी के नीचे कैसे दिखेंगे?"

"किती मोठा आहे?"

तिनं दोन हात समोर धरले, मंग अजून जवळ आणले. "हमारे निर्मल में लकडी का गुड्डा बनता ना, उतना."

आई एकदम कडाडली, "लेकरासाठी लाकडाचं नाव घेऊ नको व माय!" पोरीनं हात खाली केले. तिले समजलं नाही काऊन, पण समजलं का काही वाईट बोलली. मंग दुसऱ्या दिवशीपासून कोणी इचारलं किती मोठा, तं ते मने, "बाबू इतना."

माझं लेकरू मले असंच माहीत होतं. तिच्या तोंडातून. मी डोळे मिटून त्याले जोडत राहे, तळपाय मी पायलेला, नाक बटणाचं, हातात पाईप.

मंग एक दिवस मॅडम माझ्या खाटेजवळ थांबली. बुटकी, चष्म्याले दोरी लावलेली. साऱ्या पोरीयले बोलावलं. अर्धवट गोल करून साऱ्या उभ्या राह्यल्या अन् मी मधात, माझ्याकडं पाहून पण माझ्याशी न बोलता. मॅडम तेलुगूत बोलत होती, मधी मधी इंग्रजी. मॅडमले वाटलं असन हे मराठी बाई, हिले काय समजते. पण मी सातवीपरेंत शिकली, तेलुगू एक विषय होताच, अन् बाजारात भाजी घेताना तेलुगूच लागते. बोलता येत नाही, समजते.

मॅडम माझ्या पोरीले मनली, "करून दाखव." तिनं माझा हात धरला, तीन बोटं ठेवली, छातीवर आडवा ठेवला.

मॅडम मनली, "नाडी झाली ना? मंग हात काऊन सोडला नाही?"

पोरगी पटकन मनली, "आता श्वास मोजून राह्यली, मॅडम. हात सोडला तं पेशंटले समजते. समजलं का श्वास बदलते. मनून नाडीच पाहून राह्यलो असं दाखवाचं."

"शाबास," मॅडम मनली. बाकीच्या पोरीयले मनली, "पेशंटले कळलं नाही पाहिजे. हे पक्कं ध्यानात ठेवा."

साऱ्या पोरीयनं मान हलवली. माझा हात अजून तिच्याच हातात होता. मले वाटलं, मंग हा हात माझ्यासाठी नवताच धरलेला. सकाळी धरला तो नाही, दुपारी धरला तो नाही, समोरची गादी गुंडाळली त्या दिवशी धरला तोबी नाही. मी तिच्याकडं पायलं. ते मॅडमकडं पाहून राह्यली होती, खुशीत.

अन् त्याच्या मागूनच दुसरी गोष्ट डोक्यात आली. तिचा आकडा कमी आला का मले वर नेतीन.

तवापासून तिनं हात धरला का मी श्वास आवरून धराले लागली. हळू घ्याचा, तिथंच ठेवाचा, मनात लेकराचा तळपाय आणाचा, मंग सोडाचा. छाती फाटाले येई. कानात भुंगे. डोळ्यापुढं काळं येई, पण मी तोंड हसतं ठेवे. पोरगी मनली, "अक्का! आज तो अच्छा है!" मले वाटलं, उद्या कुर्सी येते.

दुसऱ्या दिवशी अजून आवरला. तिनं आकडा मोजला, खुश झाली, मंग तिची नजर माझ्या नखावर गेली. मंग ओठावर. बोटाले चिमटा लावला, मशीनकडं पायलं. माझा हात खाली ठेवला अन् गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी आली तं माझ्याजवळ आलीच नाही. खिडकीजवळ आईशी बोलत उभी राह्यली. "अम्मा, तुम्हारे उधर कपास हो गया क्या?" आई सांगत बसली, कोणतं वावर झालं, कोणतं राह्यलं, भीमपुराकडं माणसं भेटत नाही वेचाले. पोरगी हो हो करून राह्यली, पण तिचे डोळे माझ्या पोटावर होते अन् घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूनं फिरवलेलं होतं. मले समजेपरेंत तिचं मोजून झालं होतं.

ते येऊन खाटेच्या कडेवर बसली. त्यायले खाटेवर बसाची मनाई होती.

"अक्का, मेरे को फसाया."

"तू मले पयले फसवलं."

"मैं? कब?"

"हात धरून."

तिनं घड्याळ मनगटावर सरळ फिरवलं. मंग मनली, "वैसाच सिखाए हमको, अक्का."

"मलेबी तुझ्या मॅडमनंच शिकवलं. इथंच उभी राहून."

तिचं तोंड उघडंच राह्यलं. "तुमको तेलुगू आता?" मी मनलं, थोडी थोडी. तिनं कपाळावर हात मारला अन् आमी दोघी हसलो, मी तोंडावर चादर धरून. मंग ते हसता हसताच मनली, "गलत नंबर देखे तो डॉक्टर बोलेंगे अच्छी है. दवाई कम करेंगे. फिर तुम को कुछ हुआ तो?"

मी मनलं, "मले पोरगा पाहाचा आहे. तुझ्या नंबरापायी मले कोणी नेत नाही. तुले दिसते तो, मले नाही. दारातून का होईना, तुले दिसते."

ते उठली. कपड्यावरची चुणी सरळ केली अन् मॅडमकडं गेली. मॅडम वॉर्डाच्या दाराजवळ होती, काय बोलणं झालं मले ऐकू आलं नाही. मले फक्त दिसत होतं. पोरीची मान खाली, मॅडमचा हात वर-खाली, मंग पोरीची मान वर. मंग मॅडम माझ्याकडं आली. पयल्यांदा माझ्याशी बोलली.

"बच्चे को एक बार भी नहीं देखा?"

"नाई."

मॅडम पोरीकडं वळली, तेलुगूत मनली, "इतके दिवस दम मोजला. कशानं पळून राह्यला ते एकदा तरी इचारलं?" पोरगी रडाच्या घाईले आली. मले मनाचं होतं, तिनं इचारलं असतं तरी मी सांगतलं नसतं, पण मले तेलुगूत ते जुळवता आलं नाही.

मॅडमनं डॉक्टरीणबाईले सांगतलं. दुपारच्यानं मले चाकाच्या कुर्सीवर बसवलं, मागं ऑक्सिजनचा नळा, पोरगी ढकलाले. आई जिन्यानं आली, तिले दाराबाहेरच थांबवलं, ते काचेवर नाक टेकून उभी राह्यली. आत जाच्या आधी पोरीनं माझे हात धुतले, कोपरापरेंत, बोटाच्या मधात, नखाखाली. या वेळी तिचे ओठ हलत नवते.

तो पेटीत होता. टोपी त्याले मोठी होती, डोळ्यावर आली होती. नाक खरंच बटणाएवढं. छातीवर चिकटपट्ट्या, नाकात पाईप, अन् हाताची बोटं उघडी, काही धरलेलं नाही. पेटीले गोल भोक होतं, तिथून सिस्टर मनली हात घाला. मी घातला. मले वाटलं होतं तो माझं बोट धरन, पोरगी सांगत होती ना, पाईप धरते. त्यानं नाही धरलं. झोपला होता. ऊन ऊन होता, वाळत घातलेल्या कापडासारखा.

मंग मी त्याचं मनगट धरलं. एका बोटानं, तेवढंच मावत होतं. अन् त्याच्या पोटाकडं पायलं. मले मोजाचं होतं. पण त्याचा दम एवढा पळत होता का माझ्याच्यानं मोजल्या गेला नाही. पळे, पळे, अन् मधीच थांबे. पोट तसंच राहे. तो थांबला का माझाबी थांबे. मंग पुन्हा चाले. मी पोरीकडं पायलं. तीबी त्याच्या पोटाकडंच पाहत होती, घड्याळाकडं नाही, अन् मले तिच्या तोंडावर दिसलं का तिले समजलं आहे.

सिस्टर मनली, "बस, चलो." पोरगी मनली, "सिस्टर, थोडा और." सिस्टरनं दुसरीकडं पायलं अन् आमाले थोडं अजून राहू देल्लं.

खाली येताना आई मनली, "पायला का?" मी मनलं, "पायला." "कोणावर गेला?" मी मनलं, "माझ्यावर." त्याचा दम माझ्यावर गेला होता, पण तसं मी आईले बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी आली तवा मी दूध काढून ठेवलं होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्ती आलं होतं, अर्ध्या वाटीच्या वर. मी झाकण ठेवून वाटी तिच्याकडं केली. तिनं घेतली नाही. वाटीकडं पायलंबी नाही. खाटेच्या कडेवर बसली अन् माझा हात धरला. तीन बोटं नाही, पूर्ण हात. घड्याळ मनगटावरून काढून तिनं मांडीवर उलटं ठेवलं होतं.

मी सवयीनं श्वास आवरला. धरून ठेवला. मले वाटलं मी सोडला नाही तं ते बोलणार नाही, अन् ते बोलली नाही तं काही झालं नाही.

"अक्का," मनली. "सांस लो."

मी घेतला नाही.

"अक्का, लो ना."

तिले सांगाची परवानगी नवती. ते डॉक्टरचं काम. डॉक्टरीणबाई थोड्या वेळानं आल्या, माझ्या नवऱ्याले त्या दिवशी वॉर्डात येऊ देल्लं, आई भिंतीशी बसली होती अन् तिनं पदर तोंडात धरला होता. डॉक्टरीणबाई धीरानं सारं बोलल्या. मी ऐकलं नाही. मले ते आधीच समजलं होतं, न घेतलेल्या वाटीवरून.

त्याले पुरलं तिकडंच कुठं, शहराच्या बाहेर. माझा नवरा अन् माझा भाऊ गेले. मले जाऊ देल्लं नाही. आईच्या कमरेचं ते लुगड्याचं कापड सोडून त्याच्यात गुंडाळलं होतं, असं मले मंग कळलं. माझं पोट बांधाले आणलेलं कापड त्याले पुरून उरलं मनते.

दूध थांबेना. लेकरू गेलं हे दुधाले कोण सांगन. छाती दगड झाली, ताप चढला. आई मनली घट्ट बांधून टाकू. पोरगी मनली, "नको अम्मा, बांधू नको." हे तिनं मराठीत मनलं. सिस्टरले इचारून आली, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या अन् फक्त दुखणं कमी होईन एवढंच काढाले लावलं. ते कुठं टाकाचं? लेकराचं दूध मोरीत नाही टाकत, कोणाच्या पायाखाली नाही येऊ देत. दवाखान्याच्या मागं कडुनिंब होता. आई वाटी घेऊन तिथं जाई, मुळाशी ओते, वरून माती लोटे. पयल्या दिवशी पोरगी तिच्यासंगं गेली. आई मनली, "उभी राह्यली पोट्टी, अन् वाटी मीच धरते मनली."

ते वाटी आज घरी आहे. माझी लेक तिच्यात दूध-पोळी खाते. सासूले ते आवडत नाही, मनते टाकून दे. मी टाकत नाही.

मले दवाखान्यातून सुट्टी व्हाच्या आधी त्या पोरीयची परीक्षा होती. बाहेरून दुसरी मॅडम येणार होती, अन् माझ्या पोरीले सारं माझ्यावरच करून दाखवाचं होतं. आमच्या मॅडमनं मले येऊन इचारलं, "तुम्हारा मन नहीं तो हम दूसरा बेड देंगे." मी पोरीकडं पायलं. तिनं नजर खाली केली होती, 'माझ्यासाठी हो मन' असं ते सोता मनणार नवती. मी मनलं, "राहू द्या. मीच."

परीक्षेची मॅडम उंच होती, हसत नवती. पोरगी आली, हात धुतले, मले नाव इचारलं जसं काही माहीतच नाही, मी सांगतलं. मंग तिनं माझा हात धरला. तीन बोटं. छातीवर आडवा. तिची बोटं त्या दिवशी थंड नाही, बर्फ होती. माझी नाडी तिले लागते का नाही मनून मले काळजी वाटाले लागली.

नाडी झाली. हात सोडला नाही. आता ते श्वास मोजून राह्यली हे तिले माहीत, मले माहीत, अन् मले माहीत आहे हे तिलेबी माहीत. फक्त उंच मॅडमले माहीत नाही. मले आवरता आला असता. चांगला आकडा दाखवता आला असता, त्या दिवसासारखा. पण आता कोणाले पाहाले वर जाचं नवतं.

मी तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर कडुनिंबाचा शेंडा दिसत होता, त्याच्यावर एक कावळा बसला होता. मी त्या कावळ्याकडं पाहत राह्यली अन् दमाले जसं जाचं तसं जाऊ देल्लं.

उंच मॅडमनं इचारलं, किती. पोरीनं सांगतलं.

"ज्यादा है," मॅडम मनली. "बराबर गिना?"

"बराबर गिना, मॅडम," पोरगी मनली. अन् हात अजून धरूनच होती.